पहिलं अक्षर कोणतं?

दसऱ्याच्या दिवशी पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढायची, फूल वाहायचं आणि घरातल्या सगळ्यात लहान मुलाचा हात धरून त्याच्याकडून ‘श्री’ गिरवून घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. विधी म्हणून गोड आहे, चालू राहावा. पण अक्षर म्हणून ‘श्री’कडे जरा नीट पाहा. यातला श त्याच्या नेहमीच्या रूपात दिसतच नाही, र एका तिरक्या रेघेपुरता उरलाय आणि वर दीर्घ वेलांटीची कमान आहे. म्हणजे जोडाक्षर, त्यात र, त्यावर वेलांटी. देवनागरीत जे जे अवघड आहे त्यातलं बरंचसं आपण पहिल्याच दिवशी साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात देतो, तेही ज्या हाताला गोल नीट बंद करणं नुकतंच जमू लागलंय त्या हातात.

पाटीपूजनानंतर भिंतीवरचा तक्ता येतो आणि अ, आ, इ, ई सुरू होतं. आपली वर्णमाला हे भाषाशास्त्रातलं एक देखणं काम आहे. क, च, ट, त, प या वर्गांचा क्रम कंठापासून ओठांपर्यंत सरकत येतो आणि प्रत्येक वर्गात कठोर, मृदू, अनुनासिक अशी पद्धतशीर मांडणी आहे. ती उच्चारांच्या अभ्यासासाठी केलेली मांडणी आहे, जिभेच्या हिशेबाने. डोळ्याचा आणि हाताचा त्यात विचार नाही, कारण तो तिचा उद्देशच नव्हता. तरीही आपण तीच मांडणी लिहायला शिकण्याचा क्रम म्हणून वापरतो. मग मुलाच्या वाट्याला पहिलं अक्षर येतं ‘अ’, ज्यात दोन वळणं, आडवी रेघ आणि उभा दंड आहे. त्यानंतर इ आणि ई, ज्यांची वळणं मोठ्यांनाही वहीच्या दोन रेघांत बसवताना कसरत करायला लावतात. पुढे ऋ. त्यापुढे ऌ, ज्याचा मराठीत एका ‘क्लृप्ती’पलीकडे फारसा संसार नाही. राज्य शासनाने २००९ साली प्रमाणित केलेल्या वर्णमालेत ५२ वर्ण आहेत. त्यातला ङ ओळखल्यावाचून पहिलीतल्या कुणाचंही काही अडत नाही, पण क ख ग घ म्हटल्यावर पाचवा ङ यायलाच हवा, म्हणून तो येतो.

जुन्या गुरुजींना हे कळत होतं. ‘गमभन’ हा क्रम त्यातूनच आला. ग लिहिता आला, की शेजारी उभा दंड कसा द्यायचा हे हाताला कळतं. मग डावीकडची गाठ दंडाला जोडली की म. त्याच म चा डावा भाग वर वळवून शिरोरेषा तोडली की भ. गाठ आडव्या रेघेवर आणली की न. एका अक्षराची हालचाल पुढच्या अक्षरात कामी येते आणि हात दर वेळी नव्याने सुरुवात करत नाही. याच तत्त्वाने व, ब, क यांचं एक कुटुंब होतं, प, ष, फ यांचं दुसरं, र, स, ख यांचं तिसरं. ट, ठ, ढ, द या अक्षरांना तर दंडच नाही, नुसती वळणं. ज्या मुलाला आपण ‘ढ’ म्हणून हिणवतो, त्यालाही ढ पटकन लिहिता येतो.

पण गमभनमध्येही एक अडचण आहे, आणि मला वाटतं या सगळ्या विषयाची गाठ तिथेच आहे. लिहिण्यासाठी सारखी दिसणारी अक्षरं एकामागोमाग घेणं सोयीचं. ओळखण्यासाठी मात्र नेमकं उलट. म आणि भ एकाच आठवड्यात दाखवले, तर पुढचे सहा महिने मूल दोन्हींकडे बघून अंदाज करतं. ओळखायला शिकताना अक्षरं एकमेकांपासून जितकी वेगळी दिसतील तितकं बरं. याचा अर्थ, वाचायची अक्षरं आणि लिहायची अक्षरं एकाच क्रमाने जायला हवीत असं काही नाही. मूल ज्या आठवड्यात म, ल, ट, क, र ओळखायला शिकतंय, त्याच आठवड्यात त्याचा हात व, ब, क च्या वळणावर असू शकतो. शाळेच्या नियोजनात हे दोन रकाने एकच धरलेले असतात. ‘आज म शिकवला’ म्हणजे आज म दाखवला, म्हणून घेतला, गिरवून घेतला आणि घरी पानभर लिहायला दिला.

आणखी एक गोष्ट. म, ल, ट, क, र ही पाच अक्षरं आणि सोबत काना एवढ्यावर काय काय होतं पाहा. काका, मामा, लाल, काल, काम, मका, कार, मला. त्यातून ‘काका, मला मका’ असं अख्खं वाक्य तयार होतं. मूल ते बोलतंही आणि त्याला मका मिळूही शकतो! याउलट आधी सगळी बिनकान्यामात्रेची अक्षरं, मग काना, मग वेलांटी हा क्रम धरला की पहिले कित्येक महिने ‘मदन, झटपट चल. शरद, घर बघ’ अशी वाक्यं वाचावी लागतात. मराठी घरात कुणी असं बोलत नाही. मुलालाही ते कळतं, आणि वाचणं म्हणजे बोलण्याशी संबंध नसलेलं काहीतरी आहे असा त्याचा समज होतो. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी जी पद्धत रुजवली तिचा गाभा साधारण हाच आहे: अक्षरं थोडी थोडी, गटाने घ्यायची, मात्रा सुरुवातीपासून सोबत ठेवायच्या आणि त्यांतून लगेच अर्थ असलेले शब्द वाचायचे. अमेरिकेत जन्मलेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी फलटणला घर केलं आणि मराठी मुलांना मराठी वाचायला कसं शिकवावं यावर आयुष्य घालवलं. आपल्या शिक्षक प्रशिक्षणात त्यांचं नाव जितकं यायला हवं तितकं येत नाही.

अक्षर दाखवण्याआधी एक टप्पा आहे, तो कानाचा. बोललेला शब्द तोडता येतो, हे मुलाला ठाऊक असावं लागतं. ‘पाणी’ म्हटलं की त्याला प्यायचं पाणी दिसतं, ‘पा’ आणि ‘णी’ असे दोन तुकडे ऐकू येत नाहीत. हे तुकडे ऐकू यायला लागणं ही वाचनाची खरी पूर्वतयारी. ती वहीवर होत नाही, खेळात होते, आणि आपल्याकडे त्यासाठी खेळ तयार आहेत. गाण्याच्या भेंड्या म्हणजे दुसरं काय? शेवटचं अक्षर पकडायचं आणि त्यावरून सुरू होणारं गाणं शोधायचं. चार वर्षांच्या मुलाला गाणी येणार नाहीत, पण शब्दांच्या भेंड्या येतात. थोडी मोठी मुलं ‘च’ची भाषा बोलतात, तिच्या एका प्रकारात मराठीचं ‘चराठीम’ होतं आणि पाण्याचं ‘चणीपा’. पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि रिकाम्या जागी च बसवायचा. ज्याला हे धडाधड जमतं त्याला शब्दाची अक्षरं सुटी करणं शिकवावं लागत नाही. इंग्रजीत मुलाला शब्द एकेका सुट्या ध्वनीपर्यंत फोडावा लागतो. मराठीत मुख्य तुकडा अक्षराचा आहे आणि तो कानाला सहज सापडतो. ही आपल्या लिपीने दिलेली सवलत आहे, ती घ्यावी.

आता तक्ता. ‘क कमळाचा’ ही युक्ती वाईट नाही, पण तिचे सापळे आहेत. अनेक मुलं क दाखवल्यावर ‘कमळ’ म्हणतात. त्यांच्या लेखी त्या आकृतीचं नावच कमळ असतं. चित्र झाकलं की अडतात. दुसरं म्हणजे ण आणि ळ. मराठीत या अक्षरांनी शब्द सुरू होत नाही, म्हणून तक्त्यावर ‘ण बाणाचा’ आणि ‘ळ बाळाचा’ येतो. आतापर्यंत पहिलं अक्षर ऐकायची सवय झालेल्या मुलाला अचानक शेवटचं ऐकायचं असतं, आणि हे त्याला कुणी सांगत नाही. ते ‘बाण’ म्हणतं आणि त्या आकृतीला ब समजतं. तिसरं, च आणि ज. चमचा म्हणताना जीभ जिथे लागते तिथे चिमणी म्हणताना लागत नाही. जहाजातला ज वेगळा, जीभमधला वेगळा. एका आकृतीचे दोन उच्चार. मोठ्यांच्या हे लक्षातही येत नाही, पण नीट ऐकणारं मूल गोंधळतं आणि त्याचा गोंधळ रास्त असतो. त्याला सरळ सांगावं की च दोन तऱ्हांनी बोलतात, चमच्याचा आणि चिमणीचा. आणि चौथं, ईडलिंबू, ऐरण आणि एडका. शहरातल्या मुलाने यातलं काहीच पाहिलेलं नसतं. पिढ्यान्‌पिढ्या तक्ते छापणाऱ्यांनी ही मंडळी सांभाळून ठेवली आहेत, त्यांचं कौतुकच आहे, पण ऐ साठी ‘ऐक’ हा शब्द रोज घरात पन्नासदा उच्चारला जातो.

तक्त्यापेक्षा मुलाचं स्वतःचं नाव बरं. आपल्या नावातली अक्षरं मुलं लवकर ओळखतात, हे जगभर दिसून आलेलं आहे. डब्यावर, चपलेच्या खणावर, चित्राच्या कोपऱ्यात नाव दिसत राहावं. फक्त हल्लीची नावं पाहता थोडी पंचाईत आहे: श्रेया, क्षितिजा, प्रणव, स्वरा, आर्या. जोडाक्षरं, रफार, सगळं पहिल्याच शब्दात. ओळखण्यापुरतं त्याने बिघडत नाही, मूल अख्खं नाव चित्रासारखं ओळखतं. लिहून घ्यायची घाई मात्र करू नये.

हाताचं वेळापत्रक वेगळं असतं आणि ते शाळेच्या प्रवेशाप्रमाणे चालत नाही. साधारण तिसऱ्या वर्षी मूल गोल उतरवतं, चौथ्या वर्षाच्या सुमारास अधिकचं चिन्ह, साडेचार-पाचला चौकोन, आणि तिरक्या रेघा मागणारा त्रिकोण पाचच्या पुढे. मनगटातली आठही छोटी हाडं जन्मतः कूर्चेची असतात आणि एकेक करून पक्की होत जातात, शेवटचं तर नवव्या ते बाराव्या वर्षाच्या दरम्यान. तीन वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं आणि खांद्यापासून हात हलवतं. बोटांच्या चिमटीत पेन्सिल धरून फक्त बोटं हलवणं साधारण साडेचार ते सहा या वयात येतं. त्याआधी दुरेघी वहीच्या बारीक रेघांत अक्षर बसवायला लावलं, की मूल पेन्सिल इतकी आवळून धरतं की कागद फाटतो किंवा टोक मोडतं. मग ‘हात दुखतो’ म्हणतं आणि आपण त्याला नाटक समजतो.

या वयात हाताला जे काम हवं ते घरात भरपूर असतं. मटार सोलणं, कणकेच्या गोळीची वळी करणं, मेथी निवडणं, चिमटीने रांगोळी सोडणं. रांगोळीची चिमूट ही पेन्सिल धरायची उत्तम तालीम आहे. खडूचे अंगठ्याएवढे तुकडे करून दिले तर ते मुठीत धरताच येत नाहीत, बोटांनीच धरावे लागतात. खडू फरशीवर किंवा फळ्यावर चालवावा, वहीवर नाही. डावखुऱ्या मुलाचा हात अक्षराच्या वरून सरकतो आणि लिहिलेलं पुसतं, तेव्हा त्याचा कागद थोडा उजवीकडे तिरका ठेवावा. हात बदलायला लावू नये.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममधल्या सान लोरेंझो वस्तीत बालगृह सुरू केलं, तिथे त्यांनी खरखरीत कागदाची अक्षरं कापून मुलांना त्यावरून बोट फिरवायला दिलं. बोट फिरवताना उच्चार करायचा. डोळा, बोट आणि कान एकाच वेळी कामाला. तिथली चार-पाच वर्षांची मुलं वाचायच्या आधी लिहू लागली, याचं त्या काळी मोठं नवल झालं. आपल्याकडे बोटाने धुळीत अक्षर गिरवायची पद्धत त्याच्या कितीतरी आधीपासून होती, ‘धुळाक्षरं’ तीच. पाटीवर धूळ पसरायची, बोटाने काढायचं, हाताने पुसायचं. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी माँटेसरींचे विचार इथे आणले आणि अनुताई वाघ यांच्यासोबत ताराबाईंनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबादला ते आदिवासी पाड्यांपर्यंत नेले. महागड्या साधनांच्या जागी त्यांनी बिया, शिंपले, पानं, माती वापरली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा अंगणात आणि कुरणात गेली. अंगणात माती होती, आणि धुळाक्षरांना त्यापेक्षा जास्त काही लागत नाही.

आता ठिपक्यांच्या अक्षरांबद्दल. बालवाडीच्या बहुतेक वह्यांत ठिपक्यांनी काढलेलं अक्षर असतं आणि त्यावरून पेन्सिल फिरवायची असते. एखादं मूल ते कसं करतं हे शेजारी बसून बघावं. ठिपक्यांच्या ग वर ते आधी शिरोरेषा ओढतं, मग दंड खालून वर, मग आकडा उलट्या दिशेने, मधे दोनदा पेन्सिल उचलून, आणि एकेक ठिपका जोडत. पान पूर्ण झाल्यावर ते हुबेहूब ग चं पान दिसतं, बाई त्यावर तारा काढतात. हाताने मात्र ग केलेलाच नसतो, फक्त ठिपके जोडलेले असतात. इंडियाना विद्यापीठातल्या कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगा आहे. अजून वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांना काही अक्षरं स्वतः काढायला दिली, काही ठिपक्यांवरून गिरवायला, काही कळफलकावर दाबायला. नंतर तीच अक्षरं पाहताना त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं, तेव्हा वाचताना काम करणारे भाग स्वतः काढलेल्या अक्षरांसाठी जागे झालेले दिसले, गिरवलेल्या आणि टंकलेल्या अक्षरांसाठी तसे नाहीत. प्रयोग रोमन अक्षरांवरचा आहे, पण कारण पटण्यासारखं आहे. स्वतः काढलेलं अक्षर दर वेळी थोडं वेगळं येतं, वाकडं येतं, आणि त्या सगळ्या वाकड्या रूपांतून ‘हा तरीही क च आहे’ हे मेंदूला कळत जातं.

म्हणजे कित्ता फेकून द्यायचा का? नाही. सुरुवात कुठून आणि वळण कोणीकडे, हे कळायला दोन-चारदा बोटाने गिरवणं उपयोगी आहे, तेही मोठं आणि सोबत बोलत. क काढताना ‘डावीकडे पोट, मग उभी रेघ, मग उजवीकडे शेपूट, शेवटी डोक्यावर रेघ’ असं म्हणत. त्यानंतर कोऱ्या जागेत, न बघता. पानभर एकच अक्षर लिहायला लावण्यात काही हशील नाही. पहिल्या ओळीतला क सगळ्यात चांगला असतो आणि शेवटच्या ओळीतला सगळ्यात वाईट, म्हणजे सराव वाईट क चा होतो. पाच क लिहावेत आणि त्यातला सगळ्यात आवडलेला कोणता ते मुलानेच दाखवावं.

देवनागरी अक्षर शिरोरेषेला लटकतं. रोमन अक्षर खालच्या रेघेवर बसतं, आपलं वरच्या रेघेला टांगलेलं असतं, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं. म्हणून मराठीला दुरेघी आणि इंग्रजीला चाररेघी वही. शिरोरेषा नुसती सजावट नाही, तिच्यात माहिती असते. घ आणि ध मधला, म आणि भ मधला मोठा फरक शिरोरेषा अखंड आहे की तुटलेली, हा आहे. मुलाला ‘नीट बघ’ म्हणण्यापेक्षा कुठे बघायचं ते दाखवावं: ध च्या, भ च्या आणि थ च्या डोक्यावरची रेघ तुटते. ख चा पाय जोडलेला असतो, सुटला की ‘खा’ चा ‘रवा’ होतो. शिऱ्याच्या दिवशी हे लगेच पटतं.

उलटी अक्षरं पाहून पालक घाबरतात. सहा-सात वर्षांपर्यंत ती सर्रास दिसतात. फ्रेंच शास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान यांनी याचं कारण मांडलंय: वस्तू ओळखणारा मेंदूचा भाग डावं-उजवं मुद्दामच सोडून देतो. कपाचा कान डावीकडे असो की उजवीकडे, कप तो कपच. वाचायला शिकताना मेंदूचा हाच भाग कामी येतो आणि त्याला ही जन्मजात सवय अक्षरांपुरती मोडावी लागते. रोमन लिपीत बी आणि डी अशा आरशातल्या जोड्या आहेत. देवनागरीत त्या फारशा नाहीत, पण अंकांत एक ठळक जोडी आहे, ३ आणि ६. एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले, म्हणून तर छत्तीसचा आकडा. पाचव्या वर्षी ३ च्या जागी ६ काढणाऱ्या मुलाला काहीही झालेलं नसतं. आठव्या वर्षीही तसंच चालू असेल आणि वाचनही अडत असेल, तर तज्ज्ञांना दाखवावं.

मात्रांपाशी आपली लिपी खरी कसोटी घेते. काना उजवीकडे, मात्रा वर, उकार खाली आणि ऱ्हस्व वेलांटी डावीकडे. ‘कि’ मध्ये कान आधी क ऐकतो, डोळ्याला आधी वेलांटी दिसते. हिंदी वाचकांवर ज्योत्स्ना वैद आणि अशुम गुप्ता यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की या डावीकडच्या वेलांटीचे शब्द वाचायला जास्त वेळ लागतो. मुलं सुरुवातीला ती अक्षरानंतर काढतात, ते त्यांच्या कानाप्रमाणे बरोबरच असतं. ‘आधी वेलांटी उभी करू, मग क ला तिच्याखाली बोलावू’ असं काहीतरी सांगून काम भागतं.

बाराखडी तालात म्हणून घेतली की घरात आनंद होतो. ॲ आणि ऑ धरले तर ती आता चौदाखडी झाली आहे. पण क का कि की न चुकता म्हणणाऱ्या मुलाला मधलाच ‘कु’ दाखवला, तर ते क पासून बोटं मोजत खाली येतं. म्हणणं आलंय, ओळखणं नाही. म्हणून बाराखडी आडवी वाचावी तशी उभीही वाचावी: की, मी, ली, टी, री. वेलांटी तीच, अक्षर बदलतंय. मात्रेचं काम काय हे तेव्हा कळतं. ३४ व्यंजनांना चौदा रूपं दिली तरी आकडा पावणेपाचशेच्या घरात जातो, जोडाक्षरं अजून वेगळीच. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या अभ्यासात (२००७) दिसलं, की अशा लिपीतली अक्षरं पुरती आत्मसात व्हायला तिसरी-चौथी उजाडते. २६ अक्षरांच्या इंग्रजीशी तुलना करून ‘अजून मराठी वाचत नाही’ असं पहिलीतल्या मुलाबद्दल म्हणणं अन्यायाचं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला. कागदावर तरी मुलांना आता वेळ दिलेला आहे. सिनियर केजीच्या गृहपाठात तो उतरलेला दिसत नाही.

आठ-दहा अक्षरं आणि दोन-तीन मात्रा आल्या, की मुलाला स्वतःचं काहीतरी लिहू द्यावं. सामानाची यादी, दारावरची पाटी, बाबांना चिठ्ठी. ‘मि शालेत गेलो’ असं येईल. त्यात ळ चुकलाय, वेलांटी चुकलीय. पण पाच वर्षांच्या मुलाने मनातलं वाक्य कागदावर आणलंय आणि ते तुम्हाला वाचता येतंय. त्या वाक्याला उत्तर द्यावं, त्यावर लाल पेन्सिल चालवू नये. ऱ्हस्व-दीर्घ तर तूर्त सोडूनच द्यावं. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा हा नियम साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांतला आहे आणि तो मोठी माणसंही रोज मोडतात. ळ मात्र दाखवावा, कारण ‘शाला’ आणि ‘शाळा’ कानालाही वेगळे लागतात. पुढच्या वेळी आपणच चिठ्ठीत ‘शाळेत काय केलंस?’ असं लिहावं, मूल स्वतः बघून घेतं.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि २०२० च्या कायद्याने इतर माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. परदेशातल्या मराठी शाळांत रविवारी येणारी मुलं तर रोमन अक्षरं पक्की करूनच येतात. म्हणजे दोन लिप्या एकाच वेळी ही आता बहुतेकांची स्थिती आहे. यात अक्षरांपेक्षा अंक जास्त घोळ घालतात. इंग्रजी आठ शिकलेलं मूल मराठी ४ पाहून ‘आठ’ म्हणतं, २ आणि ३ मात्र दोन्हीकडे जवळपास सारखे असल्याने त्याला वाटतं बाकीचेही असणार. ज्या दिवशी मराठी अंक घ्यायचे त्या दिवशी इंग्रजी घेऊ नयेत आणि ४ आधी घ्यावा, चुकायला लावणारा तोच आहे. रोमन अक्षरं रेघेवर बसवण्याची सवय झालेली मुलं मराठी अक्षरंही खालच्या रेघेवर बसवतात, मग शिरोरेषा वर-खाली नाचते. अशा मुलांना काही दिवस शब्दावर आधी शिरोरेषा ओढून तिला अक्षरं टांगू द्यावीत. शिस्तीत बसत नाही, पण उपयोगी पडतं.

शेवटचा घोळ मोबाइलचा. शासनाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपं म्हणून सांगितली. फोनवर आणि अनेक संकेतस्थळांवर मात्र हिंदी वळणाचा दंडयुक्त ल आणि शेंडीफोड्या श दिसतो. पुस्तकात एक ल शिकलेलं मूल आईच्या फोनवर दुसरा बघतं आणि विचारतं, हे कुठलं अक्षर. दोन्ही ल आहेत असं सांगून मोकळं व्हावं. ओळखायला दोन्ही, लिहायला पाकळीचा.